दार नसलेला कलश

मेलेल्यांसोबत पुरायचे कलश आमच्या भट्टीत मीच घडवते. खाली मोठं पोट, वर मजल्यांचं घर, उंबऱ्यात कुत्रा, छपरावर दाण्यांना टपलेली पाखरं. पाखरांमागून मेलेल्याचा जीव येतो आणि घराच्या दारातून पोटात शिरतो. दार म्हणजे ओल्या मातीत काडीनं पाडलेलं भोक. डोळे मिटून जमणारं काम, पण या कलशाला मी ते पाडलंच नाही.

कलश माझ्याच नवऱ्यासाठी होता. पाच वर्षांपूर्वी तो होडीभर वाडगे घेऊन उत्तरेला लोयांगला गेला आणि ते शहर शत्रूनं जाळलं. तो आला नाही, त्याची हाडंही आली नाहीत. जीवाला हाक मारून कलशात घेऊ आणि पुरू, असा सासूबाईंनी धोशा लावला होता. पुरला की तो मेला. म्हणून पहिले दोन कलश मी भट्टीत मुद्दाम तडकू दिले. तिसऱ्याला दार ठेवलं नाही.

सासूबाईंना दिसत नाही. भाजण्याआधी त्यांनी कलश चाचपला. कुत्र्याचे कान लागले तेव्हा हसल्या. मग बोटं थांबली.

"पोरी, दार कुठंय?"

"जित्या माणसाला कशाला हवंय दार?"

त्या चिडतील असं मला वाटलं होतं.

"जिता असला तर आपल्या पायांनी घरी येईल," त्या म्हणाल्या. "नसला तर पाच वर्षं बाहेर उपाशी उभाय माझा लेक. आणि तू कडी लावून बसलीस."

माती अजून ओलसर होती. मी काडी घेतली.

नेमका हाच मेला कलश भट्टीतून हिरव्या झिलईनं चकचकत निघाला, कुठे तडा नाही.

नवऱ्याचा अंगरखा घेऊन मी आमच्या घराच्या छपरावर चढले, उत्तरेकडे तोंड केलं. हाकेला आलेला जीव अंगरख्यात उतरतो, मग तो कलशावर पांघरायचा. हाक नावानं मारावी लागते. नवऱ्याचं नाव मी जन्मात तोंडातून काढलं नव्हतं, 'ऐकलंत का' वरच आमचा संसार झाला.

"यू छेंग, परत ये."

तीनदा म्हटलं. खाली सासूबाई कलश मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगरखा त्यावर पांघरायला त्या मला बोलावत होत्या. मी उतरले नाही. नावानं हाक मारली की जिता माणूस वळून बघतो, म्हणून मी नदीच्या वाटेकडे बघत राहिले.