उत्तररंगातला चोर

कळमनुरीच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला, ते साल एकेचाळीस. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सिनेमा वर्ज्य, आणि मी तर मंडळीचा कीर्तनकार. पण बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. चार माणसांत बसावं म्हणून गेलो.

पडद्यावर दारू, सुरे, शिवीगाळ. खून करतं कोवळं पोरगं आणि गुत्त्यावरचा गुंड पुढं होऊन म्हणतो, "मी केला." हसत फासाकडं चालतो. लोक शिट्ट्या मारत होते. मी मात्र हात जोडून उभा राहिलो आणि कीर्तनात म्हणावं तसं खड्या आवाजात "आमेन" म्हणालो.

"ओ बुवा, हितं काय आरती चालू हाय व्हय? खाली बसा, दिसून न्हाई राहिलं!" मागून कुणी ओरडलं.

तंबू हसला. मी बसलो, पण डोळ्यांपुढं अमरसिंग उभा राहिला.

अमरसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. माझ्या कीर्तनात झांज धरायचा. तीन वर्षांमागं गावातल्या उकंडरावांच्या शेळ्या चोरीला गेल्या आणि जमादार माझ्या धाकट्या भावाला, ग्यानबाला धरायला दारात आला. अमरसिंग तिथंच होता. म्हणाला, "शेळ्या म्या नेल्या." तांड्यावरचा म्हटल्यावर जमादारानं पुढं काही विचारलंच नाही. ग्यानबाच्या घोंगडीला शेळ्यांचा वास होता. मला तो आला होता. मी गप्प राहिलो. अमरसिंग तुरुंगात गेला, आणि वर मंडळीतून मी त्याचंच नाव कमी केलं. पुढं ग्यानबा तापानं गेला, आणि मी झांजेवाचून एकटाच क्रुसाचं आख्यान लावत राहिलो.

सकाळी तांडा गाठला. अमरसिंगची बायको जिवनबाई दारातच म्हणाली, "इतक्या दिसांनी काहून आले, बुवा? झांज न्यायला?"

"न्हाई बाई. रविवारी कीर्तनाला या, येवढंच सांगायला."

शिक्षा भोगून सुटलेला अमरसिंग आत दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

रविवारी पूर्वरंग नेहमीचा झाला. उत्तररंगात मी त्या गुंडाची गोष्ट लावली आणि शेवटी म्हणालो, "शेळ्या माझ्या भावानं नेल्या. मला ठाऊक होतं. शिक्षा अमरसिंगनं भोगली."

मंडळीचा कारभार पाहणारे वडील व्यंकटराव उठले. "सिनेमा पाहता, आन् तो हितं सांगता? पुरे झालं तुमचं कीर्तन!" त्यांच्यामागं सगळेच उठले.

रिकाम्या सतरंजीसमोर मी शेवटचं पद धरलं. दाराबाहेर पायरीवर अमरसिंग बसला होता. झांज मांडीवर. त्यानं ती वाजवली नाही.

पण पद संपेस्तोवर उठलाही नाही.