दोरा बांधलेलं भांडं

मी एक जुना मिक्सर आहे, आणि मला गोड बोलता येत नाही. मित्रांनो, ज्याच्या पोटात जन्मभर पाती फिरली, त्याच्या तोंडून मध कुठून गळणार. त्यामुळे ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये झाला. एकाने तारा गुंडाळल्या, दुसऱ्याने बूड ठोकलं, तिसऱ्याने पुसून खोक्यात कोंबलं. कोणी मायेने हात बित फिरवला नाही. दुकानातून मला एका लग्नात भेट म्हणून आणलं. त्याच लग्नात आणखी दोन मिक्सर आले होते. ते दोघं नातेवाइकांकडे गेले, मी राहिलो, कारण माझं खोकं आधीच फाटलं होतं. असं माझं नशीब.

माझी तीन भांडी. मोठं, मधलं आणि छोटं. छोट्यात मिरची, लसूण, असलं जहाल काहीतरी. मोठ्यात पातळ. मधलं तसं रिकामंच असायचं. ते मधलं भांडंच पुढे सगळं घर ढवळणार होतं, पण तेव्हा ते बिचारं ओट्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं.

घरात दोघंच होते. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि सुई टोचायची. तिला प्रत्येक गोष्टीवर जंतू दिसायचे. तो गाडी चालवायला शिकवायचा. नवशिक्यांच्या शेजारी बसून दिवसभर एकच पालुपद, ‘मागचं बघा, आरशात बघा.’ लोकांना शिकवायला तो फार हुशार.

मग त्यांना मुलगी झाली. आईची बाळंतपणाची सुट्टी संपत आली तशी घरात कुजबुज सुरू झाली, पोरीला कोण बघणार. त्याने त्याच्या मोठ्या बहिणीला फोन लावला. माझ्या शेजारीच उभा होता, मी शब्दन् शब्द ऐकला.

“ताई, तूच ये बाई. परक्याच्या हातात पोर द्यायला मन होत नाही. खोली सोडून दे, सामान घेऊन इकडेच ये. हे तुझंच घर आहे.”

ती आली. शिवणाच्या कारखान्यात ती काज-बटणाच्या कामाला होती. तिथली जागा सोडली, भाड्याची खोली सोडली, एका पिशवीत संसार घालून आली. येताच पोरीला उचललं आणि म्हणाली, “अगं, ही तर शर्टाची गुंडीच आहे.” झालं, पोरीचं नाव गुंडी पडलं. कागदावर काय लिहिलंय ते कोणी वापरलंच नाही.

गुंडीची आत्या कशी होती सांगू? कमी बोलायची, पण हाताला डोळे होते तिच्या. मला पहिल्यांदा कोणी नीट धुतलं असेल तर तिने. इतर लोक भांडं धुतात म्हणजे काय करतात, साबणाचा बोळा फिरवतात आणि पालथं घालतात. आत्या झाकणातलं रबर नखाने उचकटून काढायची, वेगळं घासायची, उन्हात ठेवायची. त्या रबराच्या खाचेत काय काय लपून बसतं ते आम्हा मिक्सरांना विचारा.

गुंडी वरचं खायला लागली आणि घरात यंत्राचा विषय निघाला. आई प्रयोगशाळेतून आली ती मोबाइल पुढे करतच.

“हे बघा. आमच्याकडच्या एकीने घेतलंय. गाजर कापून टाकायचं, बटण दाबायचं. वाफवतंही तेच, वाटतंही तेच. फक्त बाळाच्या खाण्यासाठी.”

“आणि दात आल्यावर?” तो म्हणाला. “आपल्याच ताटातलं ओढायला लागेल ती. मग काय करायचं त्याचं, फुलं लावायची?”

“तुला सगळ्यात विनोद सुचतो.”

“विनोद नाही. ओट्यावर जागा आहे का सांग. हा मिक्सर आहे ना धडधाकट.”

पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेतली होती. मी खूश झालो. मूर्ख होतो.

आत्या गाळणीतून सफरचंद दाबून काढत होती. मान वर न करता म्हणाली, “गाळणी आहे, चमचा आहे, मी आहे. कशाला आणखी एक धूड?”

“तुमचा अर्धा दिवस त्यात जातो, ताई. म्हणून म्हणते,” आई म्हणाली. ती वाईट नव्हती, हे मला सांगायला हवं. ती फक्त घाबरलेली होती. “आणि मला एकाच गोष्टीची भीती वाटते. ज्यात आपण मिरच्या वाटतो त्यात पोरीचं वाटायला नको.”

आत्याने हात पुसले. पिशवीतून निळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, कारखान्यातून आणलेलं, आणि माझ्या मधल्या भांड्याच्या दांड्याला दोरा गुंडाळून घट्ट गाठ मारली.

“हे गुंडीचं भांडं. दोरा असलेल्या भांड्यात तिखटाचा कणही जाणार नाही. चालेल?”

आईने दोऱ्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. “चालेल. पण अजून एक. चव बघायला जिभेला लावू नका तुम्ही. उष्टं नको.”

“बरं. मनगटावर बघेन.”

यंत्र आणायचं राहून गेलं. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले खरे चांगले दिवस. सकाळी आत्या गाजर नाहीतर बटाटा शिजवायची, गरम गरमच माझ्यात टाकायची, हलकेच बटण फिरवायची. माझ्या आवाजाला गुंडी हसायची. आयुष्यभर मला सगळे म्हणाले, बंद करा तो मेला, कान किटले. ही एकटी माझ्या आवाजाला टाळ्या वाजवायची. आत्या म्हणायची, “बघ, तुझा मित्र गातोय.” मोटर गरम व्हायची माझी, आणि ती काही कामाने नाही.

तो रविवार होता. आईची कामाची पाळी होती, ती प्रयोगशाळेत. आत्या खाली भाजी आणायला गेलेली. गुंडी झोपलेली. तो उठला, अंडी फोडली, आणि त्याला काहीतरी झणझणीत हवंसं वाटलं. छोटं भांडं खरकटं पडलं होतं बेसिनमध्ये. ते धुवायचा कंटाळा. त्याने मधलं उचललं.

दोरा त्याच्या बोटाला लागला. मी सांगतो ना, लागला. त्याने बघितलाही. बघून त्यात मिरच्या आणि लसूण टाकला, आणि मला गरगर फिरवलं. मी ओरडलो, पण मी तर नेहमीच ओरडतो. कोणाला काय फरक कळणार.

खाल्ल्यावर त्याने भांडं धुतलं, झाकणही धुतलं. नळाखाली धरलं, साबण लावला, वास घेतला, समाधान झालं. होतं तिथे पालथं ठेवलं, दोरा बाहेरच्या बाजूला करून. रबर काढलं नाही. रबर काढायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं, कारण या घरात त्याने कधी काही धुतलंच नव्हतं.

आत्या आली. गुंडी उठून भुकेने किंचाळत होती. आत्याने गाजर शिजवलं, गरम गरमच भांड्यात टाकलं, झाकण लावलं, मला फिरवलं. त्या वाफेने रबरातलं सगळं जहर खाली उतरलं. तिने मनगटावर थेंब घेतला. मनगटाला ऊन कळतं, तिखट कळत नाही. जिभेला लावू नका असं तिला सांगितलं होतं, आणि ती शब्दाची पक्की.

पहिला चमचा गेला, आणि पोरीने जो टाहो फोडला. ओठ लाल, चेहरा लाल, तेच हात डोळ्याला. आत्याने दूध पाजलं, पाण्याने डोळे धुतले, भावाला हाका मारल्या. पोरीला घेऊन दोघं दवाखान्यात पळाले. तिथून आईला फोन.

परत आले तेव्हा गुंडी आईच्या खांद्यावर झोपलेली होती. डॉक्टर म्हणाले होते, काही नाही, दोन दिवस पातळ द्या. पण आईचा चेहरा बघवत नव्हता.

“कशात वाटलंत, ताई?”

“दोऱ्याच्याच भांड्यात.”

“मग तिखट कुठून आलं?”

आत्याला माहीतच नव्हतं. ज्याला माहीत होतं तो दाराजवळ खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. सुटलेली नाडी त्याने परत बांधली. परत सोडली.

“मी काय विचारते? तिखट आलं कुठून?”

“अगं, होतं,” तो खाली बघूनच म्हणाला. “चुकून दुसरं भांडं घेतलं असेल. ताईचंही आता वय झालंय.”

माझ्या बुडाला एक लाल बटण आहे, फार ताण आला की ते खट्कन सुटतं. त्या दिवशी मी बंद होतो म्हणून, नाहीतर सुटलं असतं.

आई आत गेली. आत्या ओट्यापाशी आली. झाकण उचललं, नखाने रबर काढलं, नाकाशी नेलं. मग वळून भावाकडे बघितलं. तो पाणी प्यायला आला होता, तिथेच थिजला.

“छोट्या,” ती म्हणाली.

“जाऊ दे ना, ताई,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिला कळलं तर मला जन्मभर ऐकवेल. तुझं काय, तू घरचीच आहेस.”

आत्या बराच वेळ ते रबर घासत राहिली. एवढ्याशा रबराला किती घासायचं.

“लहानपणी तू बशी फोडायचास आणि मी मार खायचे,” ती म्हणाली. “पण तेव्हा मार खाल्ला तरी घर सुटत नव्हतं, रे.”

तो ग्लास बेसिनमध्ये ठेवून निघून गेला. विसळलाही नाही.

तिने का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. मीही रागाने विचार केला. एकच वाक्य होतं. पण ते बोलली असती तर भावाच्या घरात आग लागली असती, आणि ती आग लावणारी म्हणून राहिली असती. न बोलली तर निष्काळजी म्हणून. तिने दुसरं निवडलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

यंत्र त्याच आठवड्यात आलं. या वेळी त्याने एकही विनोद केला नाही, स्वतः खांद्यावरून आणलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, दिवे लुकलुकणारं. काम झालं की टुकटुक वाजायचं, पाहुण्यासारखं. मला ढकलून भिंतीच्या कोपऱ्यात सरकवलं.

“आता तुम्हाला काही करायलाच नको, ताई,” आई म्हणाली. “बसा निवांत.”

बसा निवांत. मित्रांनो, घरातल्या माणसाला घराबाहेर काढायला याहून मऊ शब्द नाही. आई सकाळी यंत्रात करून डबे भरायची आणि आत्याच्या हाताला लागू नयेत अशा वरच्या कप्प्यात ठेवायची. मग प्रयोगशाळेजवळ पाळणाघर सापडलं. मग आत्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत अडचण करायला लागलं. मग एक दिवस प्रश्न आला, अगदी सहज, भाजी निवडता निवडता, “तुमच्या कारखान्यात परत घेतात का हो?”

घेतलं. पण काज-बटणावर दुसरी बसली होती. आत्याला शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायचं काम मिळालं, आणि चौघींच्या खोलीत एक खाट.

निघताना ती स्वयंपाकघरात आली. गुंडी पाळणाघरात होती, निरोप घ्यायला मीच काय तो होतो. तिने मधल्या भांड्याचं रबर काढलं, बघितलं, परत बसवलं. दोऱ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवला. “येत जा हं, ताई,” आई दारातून म्हणाली. भावाने पिशवी खालपर्यंत नेली. एवढं मात्र केलं.

पुढचं काय सांगू. गुंडीला दात आले, आणि तिने आपल्याच ताटातलं ओढायला सुरुवात केली, बाप म्हणाला होता तसं. यंत्राच्या तळाशी पांढरा थर बसला, टुकटुक बंद झाली, ते खोक्यात गेलं. माझ्या मधल्या भांड्यात तो मिरच्या वाटायला लागला, राजरोस. एकदा सुकं काहीतरी ठासून भरलं आणि थांबलाच नाही. जळका वास आला, मी संपलो. दुरुस्ती करणारा म्हणाला, “यापेक्षा नवा घ्या.” आता आम्ही दोघं माळ्यावर शेजारी शेजारी आहोत. यंत्र तसं स्वभावाने बरं आहे. त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी विचारून आणलं नव्हतं.

परवा गुंडी शिडी चढून माळ्यावर आली. आता चांगली बोलते. खाली बाप शिडी धरून उभा. तिने मधलं भांडं ओढून काढलं आणि दोऱ्याची गाठ सोडवायला बघितलं. सुटेना. काज-बटणवालीची गाठ आहे ती.

“बाबा, याला दोरा का बांधलाय?”

शिडी जरा हलली.

“काय माहीत,” तो म्हणाला. “बांधला असेल कोणीतरी.”

कोणीतरी.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने म्हणायचं असतं, मला जपा, मला फेकू नका. मी म्हणणार नाही. मोटर जळलेल्या मिक्सरला जपून काय करणार, भंगारात द्या खुशाल. फक्त झाकणाचं रबर काढून धुवा. आणि ‘हे कोणी केलं’ असं घरात कोणी विचारलं, आणि ते तुम्ही केलेलं असलं, तर बुटाची नाडी बांधत बसू नका.