जावईबापूंचा मायक्रोस्कोप

दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरचे बारीक जोड तपासायला जावईबापूंनी लॅपटॉपला लावायचे एक सोडून दोन यूएसबी मायक्रोस्कोप मागवले होते. आवडेल तो ठेवायचा, दुसरा परत. सकाळपासून घरीच चाचणी चालली होती. चाचणी कसली, मिठाचा खडा बघ, मेलेली मुंगी बघ, स्वतःचं नख बघ! मुंगीचा पाय खांबाएवढा दिसला तेव्हा गृहस्थाने चक्क टाळी वाजवली. अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या या माणसाकडे सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. रेडिओच्या कारखान्यात जोड तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. असला तपासनीस त्यांनी दारातही उभा केला नसता.

त्यांचं कानाचं यंत्र गेले चार महिने मध्येच बंद पडत होतं. जावयाने ते दोनदा उघडलं, दोनदा ठणठणीत ठरवलं. मग उचलली जीभ लावली टाळ्याला: बायकोला सांगून टाकलं, तुझ्या आईला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, नाहीतर डोक्यात तरी बिघाड आहे. लेकीलाही ते पटलं. उद्या डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. पोटच्या पोरीनं असं मानावं, हे सासूबाईंना फार लागलं होतं.

शेवटी जावईबापूंनी बायकोला बोलावून त्याच यंत्राचा आतला बोर्ड भिंगाखाली ठेवला. मायक्रोस्कोप दोहोंतला जास्त मोठं दाखवणारा, त्याचे दिवे पूर्ण. स्क्रीनवर जोड नुसता लखलखला. बघा, काही नाही, असं त्यांनी सासूबाईंना हातानेच दाखवलं.

"सरका," सासूबाई म्हणाल्या.

तो मायक्रोस्कोप बोर्डाला नाक घासत होता, खाली बोर्ड कलता करायलाही जागा नव्हती. त्यांनी तो बाजूला सारला आणि उंच दांड्याचा दुसरा ओढला. दिवे बंद केले, बोर्ड तिरका धरला, लेकीला टॉर्च देऊन बाजूने उजेड पाडायला लावला. चमक गेली. जोडातल्या तारेभोवती केसाएवढी काळी भेग दिसली. सुईने तार हलवली तशी भेग उघडली, पुन्हा मिटली.

लेकीने टॉर्च ठेवला, फोन उचलला आणि डॉक्टरांची वेळ रद्द केली. आईकडे बघायचं तिला धाडस होईना.

"आई, चुकलं माझं," जावईबापू पुटपुटले.

ओठांवरून सासूबाईंना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी कानामागे हात धरला.

"मोठ्याने बोला, जावईबापू. माझं यंत्र बिघडलंय."