चार मिनिटे पुढे

मित्रांनो, घाबरू नका, जवळ या. मी गिरणीतले एक जुने हजेरीचे घड्याळ आहे आणि आता माझ्या हातून कुणाचे वाईट होण्यासारखे काही उरलेले नाही. एके काळी मात्र या ब्रॅमक्लफ गावात माझ्यासमोर पोहोचायला भलेभले धापा टाकत धावत यायचे. मला ते फार आवडायचे. खोटे कशाला सांगू?

माझी पेटी ओक लाकडाची, तबकडी पितळेची. तबकडीखाली एक फट आहे. त्या फटीत आपले कार्ड घालायचे आणि बाजूचा दांडा ओढायचा. आत घंटी वाजते आणि कार्डावर वेळ उमटते. वेळेत आलात तर काळ्या शाईत, एक मिनिट जरी उशीर झाला तर लाल. काळ्या शाईत मला कधी रस वाटला नाही. लाल उमटवताना माझा ठोका जरा जोरात पडतो असे लोक म्हणत, आणि ते खरेच होते.

सत्तर वर्षे मी खालच्या सूतगिरणीच्या फाटकात काढली. तिथे माझ्याबद्दल एक रीत होती. थोरल्या मालकांनी मला पहिल्याच दिवशी चार मिनिटे पुढे लावले आणि ते गेल्यावरही कुणी मागे घेतले नाही. साऱ्या गावाला हे ठाऊक होते. तिला 'गिरणीची वेळ' म्हणत. बायका चुलीवरचा चहा चार मिनिटे आधी उतरवत, पुरुष चार मिनिटे आधी घराबाहेर पडत आणि कुरकुर कुणीही करत नसे. वॉल्टर हॅस्लम नावाचा एक कामगार सव्वीस वर्षे माझा दांडा ओढत होता. कापूस पिंजण्याच्या खात्यातला माणूस, त्या धुळीमुळे खोकला कायमचा. मी त्याला एकतीस वेळा लाल दिला आणि प्रत्येक वेळी त्याच्यासमोर फाटक बंद झाले. तो मला शिवी हासडायचा आणि पावसात घरी जायचा.

मग गिरणी बंद पडली. भंगारवाला माझ्याकडे बघून जिभल्या चाटत होता, तेवढ्यात टेकडीवरच्या शाळेतले ग्रिमशॉ सर आले. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांचा वर्ग, ज्याला इकडे सिक्स्थ फॉर्म म्हणतात, तो त्यांच्याकडे होता. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझी तबकडी पुसली. सत्तर वर्षांत मला असे कुणी पुसले नव्हते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला आपल्या खोलीच्या दारासमोर भिंतीवर बसवले, शेजारी कार्डांची चौकट लावली आणि सगळ्या मुलांना समोर उभे केले.

"आजपासून मी तुमची तोंडं बघणार नाही, कार्डं बघणार," सर म्हणाले. "आठ पंचेचाळीसच्या पुढे लाल. एका सत्रात पंधरा लाल झाले की इथली जागा गेली आणि परीक्षेचा अर्जही शाळा भरणार नाही. हे यंत्र खोटं बोलत नाही आणि कुणाची दयामाया करत नाही. बाहेरचं जगही तसंच आहे."

"बाहेरच्या जगाला कुलूप लागलंय सर," मागून कुणीतरी म्हणाले. "गिरणी सुटल्यापासून माझा बाप घरीच बसलाय."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्या मुलाचे कार्ड मागवून त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर पहिला लाल शिक्का मारला. मला ते काम मनापासून आवडले.

मला चावी द्यायला जो शिपाई नेमला होता तो कोण असावा? वॉल्टर! गिरणी सुटल्यावर त्याला शाळेत काम मिळाले होते. दर सोमवारी सकाळी तो आपल्या खोलीतल्या रेडिओवर आठचे टोले ऐके, माझी काच उघडे आणि मला आठ वाजून चार मिनिटांवर लावी.

दारापाशी टेबलामागे शाळेच्या कारकून हॉवर्थ बाई बसत. त्यांनी एकदा मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि विचारले, "वॉल्टर, हे जरा पुढे नाही का वाटत?"

"गिरणीचं घड्याळ आहे बाई. पुढे असायचंच."

"सरांना माहीत आहे?"

"सरांनी कधी विचारलंय का? आणि असू दे की. सव्वीस वर्षं आम्ही सोसलं, आम्ही काय मेलो? या साहेबजाद्यांना जरा कळू दे."

बाईंनी चहात बिस्कीट बुडवले आणि विषय संपला. सरांचे तर काय, ते रोज सकाळी माझ्याकडे बघून स्वतःचे मनगटी घड्याळ लावत. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता.

बहुतेक मुले जवळपासची. ती पायी येत, चार मिनिटांनी त्यांचे काही अडत नसे. अडले ते लिंडसी एंटविसलचे. ती दरीपलीकडच्या चाळवजा घरांच्या रांगेत राहायची. घरात ती आणि आई, दोघीच. आईचे हात इतके कापत की तिला स्वतःच्या हाताने कपही धरता येत नसे आणि एकटे सोडले तर ती पडे. सकाळी सव्वाआठला सरकारी मदतनीस बाई आल्या की लिंडसी सुटायची. आठ चोवीसची बस पकडायची, आठ बेचाळीसला शाळेच्या पायथ्याशी उतरायची आणि पायऱ्या धावत चढून माझ्यासमोर यायची. केस ओले, हातात अर्धा टोस्ट. तेव्हा आठ त्रेचाळीस झालेले असत.

मी सत्तेचाळीस उमटवायचो, लाल शाईत.

रसायनशास्त्रात तिच्या वर्षात तिच्या पुढे कुणी नव्हते. लीड्सच्या विद्यापीठाने तिला औषधनिर्माणाच्या शिक्षणासाठी जागा देऊ केली होती, फक्त उन्हाळ्यातल्या परीक्षेत गुण मिळायला हवे होते. एंटविसलांच्या घरात तोवर कुणी विद्यापीठाची पायरी चढलेले नव्हते. हे सगळे मी दारातल्या बोलण्यावरून ऐकले होते. मला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही.

पहिल्या लाल शिक्क्याला तिने खिडकीतून खाली पाहिले. तिथून टाउन हॉलचा मनोरा दिसतो.

"बाई, तिथे त्रेचाळीसच झालेत."

"अगं लाडके, त्या घड्याळावर कबुतरं बसतात," हॉवर्थ बाई म्हणाल्या. "ते कोण धरतंय? जा वर्गात."

आधीची बस मिळावी म्हणून तिने मदतनीस बाईंना पाच मिनिटे लवकर यायला विनवले. पण त्यांना आधी एका म्हाताऱ्याला अंथरुणातून उठवायचे असे, त्यांना जमेना. लिंडसीचे सहा लाल झाले तेव्हा सरांनी तिला खोलीत बोलावले. तिने आईचे सगळे सांगितले, डॉक्टरांची चिठ्ठीही पुढे ठेवली.

"प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी असतं, लिंडसी," सर म्हणाले. "माझ्याही घरी होतं. मी चार मिनिटं लवकर उठायचो, बस्स."

दारामागे झाडू मारणारा वॉल्टर खोकला. ते हसू होते की खोकला, मला आजही सांगता येणार नाही.

मग तिने मदतनीस बाई येण्याआधीच, आठ दहाला घर सोडायला सुरुवात केली. सलग पाच दिवस तिच्या कार्डावर काळी वेळ उमटली. मला अगदी कंटाळा आला. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, तिची आई मोरीत पडली आणि मनगट मोडले. सोमवारपासून लिंडसी पुन्हा आठ चोवीसच्या बसने येऊ लागली आणि मी पुन्हा खुशीत आलो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंधरावा लाल उमटला. तिने कार्ड बाहेर काढले आणि त्यावरचे लाल शिक्के मोजले. सरांनी तिला आत बोलावले. दार उघडेच राहिले, म्हणून मला सगळे दिसत होते.

"नियम तुला पहिल्या दिवशीच सांगितला होता. कार्ड इथे ठेव."

"सर, एक विनंती आहे." तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती रडत नव्हती. "तुमच्या फोनवरून वेळ सांगणारा नंबर लावा ना. एकदाच. ती बाई रात्रंदिवस वेळ सांगत असते. तिची वेळ आणि या घड्याळाची वेळ एक निघाली, तर मी गुपचूप जाते."

"हा पोरखेळ आहे."

"माझं सगळं आयुष्य आहे सर, त्यावर."

का कोण जाणे, सरांनी फोन उचलला. नंबर फिरवला. ऐकत राहिले. त्यांनी आधी मनगटाकडे पाहिले, मग दारातून माझ्याकडे पाहिले. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. मित्रांनो, माझ्या शिक्क्याच्या लाल शाईइतके लाल. पुष्कळ वेळ ते तसेच ऐकत होते, जणू ती बाई पुढच्या खेपेला काही वेगळे सांगेल.

मग त्यांनी फोन खाली ठेवला.

"आपलं घड्याळ बरोबर आहे," ते म्हणाले.

"मला ऐकू द्या."

"फोन शाळेचा आहे, लिंडसी."

"नीट ऐकलंत ना सर? तुम्ही?"

"कार्ड."

तिने कार्ड टेबलावर ठेवले, कोटाची बटणे लावली आणि ती माझ्यासमोरून गेली. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने आता कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता आणि कुणाच्या नाही, हे मला ठाऊक नाही. एवढेच दिसले की खिडकीपाशी ती क्षणभर थांबली आणि टाउन हॉलकडे पाहून तिने मान खाली घातली. चूक आपलीच, असे तिला वाटले असावे.

दुपारी सरांनी वॉल्टरला बोलावले.

"हे चार मिनिटं मागे घे."

"का हो सर?"

"थंडीत यंत्रं पुढे पळतात."

वॉल्टरने चौकटीतल्या रिकाम्या खाचेकडे पाहिले. "मग त्या पोरीचे पंधरा?"

"झालं ते झालं. आता उकरून काढलं तर सगळ्यांचीच कार्डं उकरावी लागतील. तुझंही नाव निघेल, वॉल्टर."

वॉल्टरने माझी काच उघडली आणि मोठा काटा बोटाने मागे सरकवला. जन्मात पहिल्यांदा मी खरी वेळ दाखवली.

पुढच्या सोमवारपासून लाल शिक्के निम्म्याने घटले. सरांनी मुलांना पुन्हा समोर उभे करून सांगितले, "बघितलंत? एका कडक उदाहरणाने किती फरक पडतो!" शाळेच्या मंडळाने त्यांच्या अभिनंदनाचे पत्र पाठवले. ते चौकटीत घालून माझ्या डोक्यावर टांगण्यात आले.

नंतर संगणक आले, प्लास्टिकची कार्डे आली. मी मोडक्या खुर्च्यांखाली पडून राहिलो. माझ्या पेटीत उंदरांनी संसार थाटला. जुन्या गिरणीत संग्रहालय झाले तेव्हा वॉल्टरनेच मला इथे आणवले. मांडणी करणाऱ्या मुलीला तो हसत हसत म्हणाला, "याला चार मिनिटं पुढेच लाव गं, तरच ते खरं." तिला ते इतके आवडले की तिने तसेच लावले आणि खाली पाटीवर त्याच्या नावासकट लिहूनही ठेवले. मुले पाटी वाचतात, दांडा ओढतात, लाल शिक्का बघून खिदळतात.

मागच्या वसंतात वॉल्टर स्वतः आला. पंच्याऐंशीचा, चाकाच्या खुर्चीत, नजर गेलेली. खुर्ची ढकलणारी बाई साठीची होती. अंगात मदतनिसांचा निळा डगला. सकाळी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवणाऱ्या असतात ना, त्यातली. डोळ्यांवरून मी तिला ओळखले.

"माझं नाव लिहिलंय म्हणतात. वाच की," वॉल्टर म्हणाला.

तिने वाचायला सुरुवात केली. "'हे घड्याळ गिरणीच्या रीतीप्रमाणे कायम चार मिनिटे पुढे ठेवले जाई. पुढे शाळेतही...'" तिथे ती थांबली.

"हां, शाळेतही!" वॉल्टर हसता हसता खोकला. "मीच लावायचो. सगळ्यांना माहीत होतं, त्या सरांना सोडून. एका पोरीचं वाटोळं झालं त्यात. हुशार होती. काय बरं तिचं नाव..."

"एंटविसल."

"तीच! तुला गं कसं ठाऊक?"

तिने खुर्चीच्या मुठी सोडल्या. मला वाटले, आता ती खुर्ची तिथेच सोडून निघून जाईल. मित्रांनो, मी त्याची वाटही बघितली. स्वभाव जात नाही.

तिने वॉल्टरच्या गुडघ्यांवरचे पांघरूण नीट केले आणि मनगटावर पाहिले.

"चला वॉल्टर. सव्वाअकराला मला दुसऱ्या घरी पोहोचायचंय. दोन मिनिटं उशीर झाला तरी ऑफिसातून फोन येतो."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगायची पद्धत आहे. मी तसे सांगणार नाही. माझी काळजी सगळ्यांनीच घेतली. वॉल्टरने चावी दिली, सरांनी रुमालाने पुसले, त्या मुलीने पाटी लावली. माझा काटा मागे घ्यायला एक बोट पुरते. त्या शाळेत ते ठाऊक असलेली तीन माणसे होती, सर, वॉल्टर आणि हॉवर्थ बाई, त्यांची मिळून तीस बोटे.