माझ्या पोटातला निऑन

मित्रांनो, मी काचेची एक जुनी नळी आहे. अमरावतीच्या एका महाविद्यालयात, लेझरच्या प्रयोगशाळेत, लोखंडी कपाटावर मी सध्या पडून असते.

माझा जन्म भट्टीत झाला. कारागिराने मला तापवून, ओढून लांब केले आणि आत केसासारखी बारीक पोकळी ठेवली. इथे आल्यावर त्या पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाने निऑन वायू भरला गेला. लेझरचा इवलासा ठोका, म्हणजे निमिषाहूनही कमी टिकणारी प्रकाशाची झलक, माझ्यातून जाई. निऑनच्या अणूंशी गाठ पडली, की त्याचे रंग पसरत. मग पुढचे आरसे त्याला आणखी आखूड करत. एवढा आखूड ठोका मोजायला कुठलेच घड्याळ पुरे पडत नाही. म्हणून त्याचे दोन भाग करतात, ते एकमेकांवर आणतात आणि त्यावरून तो किती वेळ टिकला ते काढतात.

हे काम आकांक्षा ही संशोधक विद्यार्थिनी करी. ती बाळापूरजवळच्या शेतकरी घरातली. एका उन्हाळ्यात तिला इथे आजवर कोणालाच न मिळालेला, इतका आखूड ठोका मिळाला. तिच्या मार्गदर्शक अदिती मॅडम हरखल्या. अकोल्याच्या परिषदेत तो मांडायचे ठरले.

पण बंद खोलीच्या उकाड्यात माझ्या टोकाची, हवा अडवणारी रबरी कडी तडकली होती. बाहेरची हवा आत शिरत होती. मला ते कळत होते, सांगता येत नव्हते.

आकांक्षाला मात्र तो निकाल जरा जास्तच चांगला वाटू लागला. एका दुपारी माझ्या झडपा बंद करून ती जेवायला गेली. परतली, तर दाबाचा काटा वर चढलेला! तिने माझी टोके तपासली आणि तशीच ती अदिती मॅडमकडे गेली.

"मॅडम, कडी तडकली आहे, नळीत हवा शिरते आहे. आपण मोजलं ते एकट्या निऑनचं नाही, हवेनंही रंग पसरवलेत."

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "परिषद तोंडावर आली आहे, आकांक्षा."

"हो. पण मला हे मांडता येणार नाही."

"मग कडी बदल," मॅडम शेवटी म्हणाल्या. "जे खरं येईल, ते घेऊन जाऊ."

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. "बाबा, माझं मोजमाप चुकलं होतं. आता पयल्यापासून करून राहिली."

"काहून रडतं मंग?" पलीकडून गजेंद्रभाऊ म्हणाले. "चुकलं ते तुलेच समजलं न?"

नव्या कडीनंतर ठोका लांबच आला. अकोल्यात तिने दोन्ही आकडे दाखवले आणि पहिला का खोटा, तेही सांगितले. टाळ्या बेताच्याच पडल्या. पण तो दुसरा आकडा पुढे रोज तसाच येत राहिला. त्यावरच तिचा प्रबंध उभा राहिला.

आता नवी नळी आली आहे. मित्रांनो, यंत्रांना बोलता येत नाही. आमची काळजी घ्या, आणि हवे तेच उत्तर मिळाले तरी आम्हाला एकदा तपासून पाहा. मी अजून फुटलेली नाही. माझ्यावरची धूळ पुसा, आणि माझ्यातून पुन्हा प्रकाश जाऊ द्या.