दादाच्या पायाशी ठेवलेला स्पीकर

दादाने बँडच्या तालमींसाठी गाडी ठेवायची खोली रिकामी केली आणि गाडी बिचारी रस्त्यावर आली. "सोमवारनंतर आपणही तिच्या शेजारी," वहिनी म्हणाली. हसत म्हणाली, पण तिचं कुठलं हसू खरं हे मला कळतं.

सोमवारी दादा नोकरी सोडणार होता. एकोणीस वर्षं छापखान्यात मशीन चालवून झाली, आता फक्त गायचं, असं त्याने ठरवलं होतं. राजीनामा लिहून तयार होता. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने तो खिसा चाचपत होता.

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं. दादा गातो, वहिनी ड्रम वाजवते, लिफ्ट दुरुस्त करणारा लंबू गिटार वाजवतो आणि मी, दादाची धाकटी बहीण, कीबोर्ड. वायरी, मिक्सर, स्पीकर हेही माझ्याच गळ्यात पडलंय, कारण पहिल्या दिवशी कुणीतरी "हे कुणाला जमेल?" असं विचारलं आणि मी मूर्खासारखी मान डोलावली. तेव्हा मान डोलावली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, गाणंही आलं, पण वरच्या पट्टीत गेला की सूर खाली घसरायला लागला. थोडासाच, पण कानाला टोचेल इतका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तालमीला त्याने दोन ओळी म्हटल्या आणि आम्हा तिघांची तोंडं उतरली. तो मात्र डोळे मिटून गात होता. गाणं संपल्यावर त्याने लहान मुलासारखं विचारलं, "कसं वाटलं?"

"पहिल्यासारखंच," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी तो उद्योग केला. गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक छोटा स्पीकर असतो. ड्रम आणि गिटारच्या गोंगाटात त्याला स्वतःचा आवाज त्यातूनच ऐकू येतो. दादाच्या त्या स्पीकरमध्ये मी त्याचा आवाज कमी केला, एको भरपूर ओतला आणि खाली माझा कीबोर्ड त्याच्याच चालीवर मोठा ठेवला. त्याला वाटायचं, आपण सुरात आहोत. खरं गाणं आम्ही ऐकायचो. फोनवरचं रेकॉर्डिंग खराब आलं की तो फोनला शिव्या घालायचा, आणि ओळखीपाळखीच्या घरी कार्यक्रम झाला की माणसं टाळ्या वाजवायचीच. ओळखीची माणसं दुसरं काय करणार?

डॉक्टरबाईंनी गळ्याच्या व्यायामांचा कागद दिला होता. तो फ्रिजवर चिकटवलेला असायचा. दुसऱ्याच महिन्यात दादाने तो काढून टाकला. "आता कशाला? आवाज झालाय की सरळ," तो म्हणाला. मी तिथेच उभी होते. मला हायसंसुद्धा वाटलं होतं, हे सांगायला लाज वाटते.

शनिवारी दुपारी आम्ही नवी खोली लावायला घेतली. दादा आणि लंबू मोठे स्पीकर आणायला घरात गेले तेव्हा वहिनीने मला कोपऱ्यात गाठलं.

"आज तो एको काढ."

"तूच सांग ना त्याला. नवरा तुझा आहे."

"मी गेल्या महिन्यात सांगायला बसले होते. तो म्हणाला, मी स्वतः ऐकतो ना रोज, तुझे कान ड्रमने गेलेत." तिने माझा हात धरला. "तो माझं ऐकणार नाही गं. त्याचं त्यालाच ऐकू दे. सोमवारच्या आत."

मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. मी मिक्सरपाशी गेले, एकोचं बटण शून्यावर आणलं, दादाच्या स्पीकरमधला कीबोर्ड पूर्ण काढला आणि त्याचा आवाज वाढवला. बाकीचं काम मी इतक्या नीट केलं की माझी मलाच शरम वाटावी. मोठे स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले, वायरी पायात येऊ नयेत म्हणून चिकटपट्टीने जमिनीला बसवल्या, छोटा स्पीकर माइकच्या बरोबर समोर ठेवला, शिट्टी मारणार नाही अशा बेताने.

दादाने गायला सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत तो वर गेला, सूर घसरला आणि त्याने डोळे उघडले.

"थांबा, थांबा. खोली घुमतेय."

लंबूने माझ्याकडे बघितलं. मी वायरीकडे बघितलं.

आम्ही भिंतीला जुनी गादी टेकवली. दादा पुन्हा गायला. मग दुसरी गादी. मग दाराला रजई. "ही बघ, झोपायची सोय झाली," लंबू म्हणाला, पण कुणी हसलं नाही. छोटा स्पीकर डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, विटेवर ठेवला. दादा दर वेळी तीच ओळ म्हणत होता आणि दर वेळी त्याच शब्दावर घसरत होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

"हा स्पीकरच नासका आहे," तो शेवटी म्हणाला. "ठमे, इकडे ये. तू म्हण."

"मी?"

"याच माइकवर. हेच. बटणांना हात लावू नकोस."

मी सहा वर्षांची असल्यापासून मला गाणं शिकवलं ते दादाने. त्या क्षणी मला बेसूर गाता आलं असतं. मी तसा विचारही केला. पण वहिनी ड्रमच्या मागून माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मी ती ओळ जशी आहे तशी म्हटली. स्पीकरमधून ती स्वच्छ आली, त्या शब्दावरही.

दादा स्पीकरपाशी आला. मग खाली बसला, त्याच्या जाळीवर हात ठेवून.

"स्पीकर चांगला आहे," तो म्हणाला. "आज तू काय बदललंस?"

"एको काढला. आणि माझा कीबोर्ड."

"कधीपासून होता?"

"ऑपरेशनपासून."

त्याने लंबूकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. दोघांनीही मान खाली घातली. मला वाटलं, आता ओरडेल, माइक फेकेल. मी तयारच होते. उलट ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून राजीनामा काढला, न उघडता वहिनीच्या हातात दिला. वहिनीने डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो. वाचलो एकदाचे.

"दादा, तुला वाईट वाटू नये म्हणून केलं रे," मी म्हणाले.

"माहीत आहे." तो अजूनही जाळीवरून बोटं फिरवत होता. "डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या, तुला सांगितलं नव्हतं मी. आवाज परत यायचा तर पहिल्या वर्षातच येईल. रोज व्यायाम केला तर. एकदा वर्ष उलटलं की जसा असेल तसाच राहणार."

त्याने जाळीवरचा हात काढला.

"मी व्यायाम का सोडले, ठमे?"

मला उत्तर माहीत होतं. फ्रिजवरचा तो कागद त्याने काढला तेव्हा मी तिथेच उभी होते. तो उत्तरासाठी थांबला, माझ्याकडे बघत, अजिबात न रागावता. मी त्या स्पीकरच्या वायरीचं टोक हातात धरून उभी राहिले.