सहापैकी दोन

छोटीचं वय बेचाळीस, केस निम्मे पिकलेले, तरी नाव छोटीच राहिलं, कारण तिला तसं म्हणणारी ताई घरात होती. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहायच्या. ताई पहाटे उठून चहा टाकायची आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, "छोटे, ऊठ गं, उशीर झाला." दोन वर्षांपूर्वी ताई तीन दिवसांच्या तापात गेली. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी छोटीला तीच हाक तिथूनच ऐकू आली, आणि ती उठून चहा घ्यायला आत गेली. शेगडी थंड होती.

सुरुवातीला तिला बरंच वाटलं. घर अगदीच मुकं झालं होतं. पण हळूहळू हाक बदलली. "अजून बसलीयेस? तुझ्यानं काही होणार आहे का? कशाला राहिलीस मागं?" आवाज ताईचा होता, पण बोलणं ताईचं नव्हतं. ताई तिला जन्मात कधी असं टाकून बोलली नव्हती.

छोटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. फ्रेमच्या मापानं काचेची कड उतरवायची, नंबर तपासायचा, काच बसवायची. सतरा वर्षांत तिची काच कधी परत आली नव्हती. एक दिवस मालकांनी एक चष्मा तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "छोटीताई, या गिऱ्हाइकाला दोन्ही डोळे डावेच आहेत का?" ती हसली नाही. मालकांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेले.

दोन औषधं झाली. एकानं झोप आली, दुसऱ्यानं तोंड कोरडं पडलं, आवाज जिथल्या तिथं. तेव्हा डॉक्टरबाईंनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. चौदा पानांचं संमतीपत्र होतं. बारीक आकडे वाचायची सवय असल्यानं छोटीनं ते सगळं वाचलं. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार होती, निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली. कुणाला कुठली, ते डॉक्टरबाईंनाही माहीत नसणार होतं. चाचणी केव्हाही सोडता येत होती. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत होतं: जो काही त्रास होईल तो, किरकोळ वाटला तरी, सांगावा.

दर बुधवारी सकाळी जायचं. दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा, भिंतीलगत आठ खुर्च्या, टोकाला खोली. खोलीत वजनकाटा, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि सिस्टर. सिस्टर कागदावरून प्रश्न वाचायच्या. गेल्या आठवड्यात आवाज ऐकू आला का? किती वेळा? त्यानं किती त्रास झाला, शून्य ते सहा? पहिल्या बुधवारी छोटीनं पाच सांगितलं. दुसऱ्याही बुधवारी पाच. तिसऱ्या बुधवारी सिस्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी थकलेलं दिसलं. छोटीला वाटलं, बिचारी सकाळपासून पाच-पाच-सहा लिहीत बसली असेल. ती म्हणाली, "चार."

सिस्टरांनी मान वर केली. "खरंच?" आणि त्या इतकं मोकळं हसल्या की छोटीच्या पोटात ऊब पसरली. तिच्यामुळे कुणी आनंदी होऊन बरेच दिवस झाले होते.

आवाज मात्र कमी झाला नव्हता. पुढच्या बुधवारी तीन, मग पुन्हा तीन. सहाव्या बुधवारी दोन. प्रत्येक वेळी जिना उतरताना ताईचा आवाज कानाशी म्हणायचा, "खोटारडी." छोटी कठडा धरून उतरायची.

याच सुमारास पायांचं सुरू झालं. दुखत नव्हते, पण हाडांच्या आत कुणीतरी चालतंय आणि त्याला वाट मिळत नाही, असं वाटायचं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की चालावंसं. दुकानात ती काच उभ्यानंच घासू लागली, या पायावरून त्या पायावर. घरी टेबलाभोवती फेऱ्या मारायची. सिस्टर विचारत, "आणखी काही त्रास?" ती म्हणे, "नाही." त्रास सांगितला तर गोळी बंद होईल, गोळी बंद झाली की बुधवार संपेल, इतकाच तिचा हिशेब होता.

त्या आठ खुर्च्यांवर कधीच न बसणारे एकच गृहस्थ होते. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणत. लग्नाआधी, तरुणपणी काही काळ, त्यांना आवाज ऐकू यायचे, मग तीस वर्षं काही नाही, आणि आता पुन्हा. हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, हेही. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत ते बोलायचे, त्यामुळे वाक्याचं एक टोक इकडे ऐकू यायचं आणि दुसरं तिकडे.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस पावलं," ते एकदा म्हणाले. "वळताना अर्धं जास्त."

सातव्या बुधवारी ते छोटीसमोर येऊन थांबले. थांबले म्हणजे जागच्या जागी पाय हलवत राहिले. गालफडं बसली होती.

"तुम्हाला एक विचारू का? तुम्हाला पायांत काही होतं का हो? बसवत नाही असं?"

छोटीनं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सिस्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं.

"नाही हो," ती म्हणाली.

"अजिबात नाही?"

"नाही."

मास्तरांनी मान हलवली. "मग माझंच काहीतरी असणार. सिस्टरांनी लिहून घेतलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाकी कुणाची तक्रार नाही, आजारामुळेही होतं असं, आणखी एक आठवडा बघू." ते पुन्हा चालू लागले. छोटीनं न मोजायचं ठरवलं आणि बावीसपर्यंत मोजलं.

आठव्या बुधवारी मास्तर आले नाहीत. नवव्या बुधवारी त्यांची बायको आली, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं गोळ्यांची बाटली काढून सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. "उरलेल्या गोळ्या परत करायच्या असतात ना. कागदावर लिहिलंय तसं."

दार उघडंच होतं. तिचा आवाज अगदी शांत होता. सातव्या बुधवारनंतरच्याच शुक्रवारी दुपारी मास्तर घराबाहेर पडले, रस्त्यावर आले आणि ट्रकखाली गेले. ड्रायव्हर म्हणत होता, समोर बघत सरळ चालत आले. "मुद्दाम की चुकून, मला विचारू नका," ती म्हणाली. "आठवडाभर ते घरात चालत होते. जेवणसुद्धा चालता चालता. मीच म्हटलं, जरा बाहेर फिरून या, मला भोवळ येते तुमच्याकडे बघून."

सिस्टरांनी त्यांचं नाव कागदावर शोधलं. बोट ओळीवर ठेवलं आणि तसंच ठेवून बसल्या.

मास्तरांची बायको गेल्यावर छोटीचा नंबर आला. सिस्टरांचे डोळे लाल होते. त्यांनी प्रश्न वाचला, शून्य ते सहा. छोटीला वाटलं, आता सांगावं. तिनं तोंड उघडलं आणि ऐकलं तर आपणच म्हणत होतो, "दोन."

त्या संध्याकाळी ती घरी चहा करत उभी होती. बाहेरच्या गॅलरीत पावलं वाजली. कुणी शेजारी असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. पावलं टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. गॅलरी जेमतेम दहा पावलांची होती, पण ही पावलं बावीस होती. तिनं दार उघडलं. गॅलरीत वाळत घातलेले कपडे होते आणि ऊन होतं.

दार लावून ती वळली तेव्हा ताईचा आवाज आला. टाकून बोलणारा नव्हता तो. जुना, पहाटेचा. "छोटे, त्यांनी तुला विचारलं होतं गं."

ती तशीच पायांत चपला सरकवून दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई निघायच्या बेतात होत्या, पर्स खांद्याला. छोटीनं उभ्यानंच सगळं सांगितलं: पाच हे पाचच होते, चार-तीन-दोन खोटे होते, पाय चौथ्या आठवड्यापासून, आणि मास्तरांनी विचारल्यावर काय उत्तर दिलं तेही. बोलताना तिचे पाय हलत होते, आणि डॉक्टरबाई चेहऱ्याऐवजी त्या पायांकडेच बघत होत्या.

पर्स खाली ठेवून त्यांनी सिस्टरांना बोलावलं आणि छोटीची फाईल मागवली. "खोडून टाका ते," छोटी म्हणाली.

"खोडता येत नाही. आधीचं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे." त्यांनी प्रत्येक आकड्यावर एकच सरळ रेघ मारली, बाजूला खरा आकडा लिहिला, तारीख घातली, सही केली. पाच-सहा सह्या झाल्यावर त्यांचा हात थांबला. "मीसुद्धा त्यांना आणखी एक आठवडा बघू म्हटलं होतं," त्या फाईलकडे बघत म्हणाल्या. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. छोटीकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. बाकीच्यांना फोन करून पुन्हा विचारलं तेव्हा आणखी तिघांनी पायांचं सांगितलं. एक जण म्हणाला, मला वाटलं सांगायचं नसतं. चाचणी थांबली, चौकशी बसली. दोन महिन्यांनी छोटीला बोलावून कळवण्यात आलं की तिची गोळी खरी होती. मास्तरांची कुठली, ते तिला सांगता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तेवढंच सांगितलं आणि खिडकीकडे बघितलं. पुढे अर्ध्या मात्रेनं चाचणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा संमतीपत्र पंधरा पानांचं झालं होतं. पायांबद्दलचा मजकूर एका परिच्छेदाचा होता.

छोटीला डॉक्टरबाईंनी तिसरं, जुनंच औषध दिलं. आता दर पंधरा दिवसांनी ती जे आहे तेच सांगते. ताईचा आवाज विरळ झालाय. पावलं आहेत. ती विचारते, हा आजार आहे की आणखी काही? डॉक्टरबाई म्हणतात, लिहून ठेवू या दोन्ही.

थंडी सरल्यावर एका रविवारी ती शाळेच्या मागच्या गल्लीत गेली. दोन घरं विचारून तिसरं सापडलं. मास्तरांच्या बायकोनं तिला ओळखलं. "तुम्ही व्हरांड्यात होतात."

छोटीनं बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा तोंडातून भलतंच आलं असतं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही हो म्हणाला असतात, तर ते राहिले असते?"

"माहीत नाही, वहिनी."

"पाय अजून होतात तसे?"

"नाही. गोळी बंद केल्यावर चार दिवसांत गेलं."

"चार दिवसांत," बाई म्हणाल्या. त्यांनी समोरच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं, जणू तिथं चार वस्तू मांडायला जागा आहे का ते बघत होत्या. मग उठून दार उघडलं. "तुम्ही आता जा."

छोटी उंबरठा ओलांडून चपला घालू लागली. मागून बाई म्हणाल्या, "चालताना काय बोलायचे ते तुमच्याशी?"

"बरंच काही. पण वाक्य पुरं ऐकू यायचं नाही."

बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. "पुढच्या रविवारी या," त्या म्हणाल्या. "जेवढं ऐकू आलं असेल तेवढं सांगा. आज नको."

छोटी मान हलवून गल्लीत उतरली. कोपऱ्यापर्यंत मागं दार लागल्याचा आवाज आला नाही.